कुर्दीत शब्द दोनदा आला की नवा शब्द होतो का? सोरानीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: कुर्दीच्या सोरानी या बोलीत शब्दाची द्विरुक्ती करून नवे शब्द बनतात, त्यावर एमएचा पेपर लिहायचाय, पण गाइडने अडवलंय. त्यांचं म्हणणं, हे आपल्या हळूहळू आणि चहाबिहासारखंच दिसतंय, आणि बोलताना जोर द्यायला माणूस एखादी गोष्ट दोनदा म्हणतोच, मग याला शब्दनिर्मिती कशाला म्हणायचं?

गाइडची शंका रास्त आहे आणि पेपरमध्ये पहिल्या पानावरच तिला उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं की ही शब्दनिर्मितीच आहे, पण ते अर्थाच्या याद्या करून सिद्ध होत नाही. या विषयावरचे बरेच पेपर "द्विरुक्तीचे अर्थ: आधिक्य, सातत्य, विभागणी, क्रम" असे रकाने करून त्यात शब्द भरतात आणि थांबतात. त्यानं काहीच ठरत नाही, कारण "नाही नाही नाही" म्हणण्यातही आधिक्य आहेच की. बघायचं ते हे, की जोडी बनल्यावर ती वाक्यात एका शब्दासारखी वागते का, तिला प्रत्यय कुठे लागतात, मूळ शब्दाची जात बदलते का. सोरानी या बाबतीत फार सोयीची आहे कारण तिथं प्रत्यय स्वच्छ दिसतात.

आधी बोलीचं ठरवून घ्या, "कुर्दीत असं असतं" असं सरसकट लिहू नका. उत्तरेची कुर्मांजी तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या उत्तर टोकाला बोलतात, ती मुख्यतः रोमन अक्षरांत लिहितात, 1932 मध्ये दमास्कसहून जलादत बद्रखान यांनी काढलेल्या हावार नियतकालिकातून ती लिपी रुळली. मधली कुर्दी म्हणजे सोरानी, इराकात सुलेमानी, अर्बिल (ज्याला ते लोक हॅवलेर म्हणतात), इराणात सनंदज आणि महाबादकडची, ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात पण जवळपास सगळे स्वर दाखवून. शिवाय किर्मानशाह, इलामकडची दक्षिणी कुर्दी आहेच. कुर्मांजीत स्त्रीलिंग-पुल्लिंग आहे, सुलेमानीच्या सोरानीत नाही, आणि याचा आपल्या विषयाशी थेट संबंध येतो, ते पुढे. मी मुख्यतः सुलेमानीच्या बोलीबद्दल लिहितेय कारण माझं काम त्या बोलणाऱ्यांबरोबर झालंय. पुण्यात इराक-इराणकडून बरीच मुलंमुली शिकायला येतात, त्यात कुर्दीही असतात, माझी सुरुवात तिथूनच झाली.

उच्चाराचं एक सांगते मग पुढे अडणार नाही. त्यांचा एक आखूड स्वर आपल्या "बॅट"मधल्या स्वराच्या जवळ जातो, तो मी ॅ नं दाखवतेय. त्यांच्याकडे दोन ल आहेत, एक साधा आणि एक जाड, जाडासाठी मी ळ लिहितेय पण तो आपला ळ नव्हे, जिभेचं टोक मागे वळत नाही, फक्त ल तोंडात जड होतो. र सुद्धा दोन आहेत, दुसरा थरथरता, तो र्र. आणि तॅकॅ वगैरे शब्दांतला क पुष्कळदा घशातून खोल येतो.

आता मुख्य गोष्ट, आवाजाचे शब्द. सोरानीत द्विरुक्तीचं सगळ्यात जोमदार कारखान्यासारखं चालणारं खातं हेच आहे. दिवाळीत एकदा सुलेमानीच्या एका मुलाबरोबर गॅलरीत बसले होते, खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि तो म्हणाला "तॅकॅ". थोड्या वेळानं लवंगी फटाक्यांची मोठी माळ लागली आणि तो म्हणाला "तॅकॅतॅक". मी मुद्दाम उलटं करून विचारलं, एका बॉम्बला तॅकॅतॅक चालेल का? नाही, म्हणाला, तो एकच आहे. आणि माळेला तॅकॅ? तर म्हणे त्या माळेतला एक फुटला तर. म्हणजे एकेरी रूप म्हणजे एक घटना, दुहेरी रूप म्हणजे ती घटना चालू राहणं. हाच संबंध तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. गिर्मॅ म्हणजे ढगाचा एक गडगडाट, गिर्मॅगिर्म म्हणजे गडगड चालूच. चिपॅ म्हणजे कानात सांगितलेलं काहीतरी, चिपॅचिप म्हणजे कुजबुज. बोळॅ आणि बोळॅबोळ, कुरकुरीचा एक शब्द आणि सतत चाललेली कुरकुर. खिशॅखिश म्हणजे पानांची सळसळ, वीझॅवीझ म्हणजे माशीची नाहीतर मधमाशीची गुणगुण, कीझॅकीझ म्हणजे किंचाळ्यांवर किंचाळ्या, खुर्रॅखुर्र म्हणजे पाण्याचा खळखळाट.

इथं मराठीशी एक फरक आहे आणि गाइडला "आपल्यासारखंच" वाटतंय त्याला हेच खरं उत्तर. आपलं गडगड, खळखळ, कुरकुर घ्या. त्यातला एकटा "गड" किंवा एकटा "कुर" त्या अर्थानं सुटा वापरात नाही, आपल्याकडे शब्द जन्मालाच जोडीनं येतो आणि क्रियापद करायचं तरी जोडीवरच करतो, गडगडणे, खळखळणे, कुरकुरणे. सोरानीत एकेरी रूप जिवंत आहे, आणि क्रियापद सहसा एकेरी धातूवरूनच होतं: गिर्मांदिन, बोळांदिन, कीझांदिन, त्यात द्विरुक्ती नाही. द्विरुक्ती येते ती नाम करायला. म्हणजे एकाच धातूपासून दोन वेगळ्या वाटा निघतात, क्रिया हवी तर प्रत्यय लावा, "ती क्रिया चालू असण्याची अवस्था" असं नाम हवं तर द्विरुक्ती करा. हे काम व्याकरणाचं आहे, नुसता जोर देण्याचं नाही. आणि त्या नामाला परत क्रियापदात न्यायचं असेल तर आधाराचं क्रियापद लागतं, बोळॅबोळ किर्दिन म्हणजे कुरकुर करणे, किंवा "कॅव्तॅ बोळॅबोळ", शब्दशः "कुरकुरीत पडला", म्हणजे कुरकुर करायला लागला. हा दुसरा वाक्प्रयोग बोलीत फार ऐकू येतो, रेकॉर्डिंग करताना तो पकडायचा प्रयत्न करा कारण तिथं दुहेरी रूप शंभर टक्के नामाच्या जागी बसलेलं दिसतं.

आता मधल्या त्या ॅ चं काय? तॅक-ॅ-तॅक. यावर दोन मतं शक्य आहेत. एक, तो जोडस्वर आहे, दोन धातू जोडताना मध्ये घातलेला. दुसरं, पहिला भाग म्हणजे पूर्ण नाम "तॅकॅ" आणि दुसऱ्या भागाचा शेवट गळलाय. आवाजाच्या शब्दांत दोन्ही मतं सारखीच लागू पडतात म्हणून नुसत्या या शब्दांवरून निकाल लागत नाही. मी जोडस्वराकडे झुकते, कारण सोरानीत अगदी असाच स्वर नाम आणि विशेषण जोडताना येतो: "कितेबॅ बाशॅकॅ" म्हणजे ते चांगलं पुस्तक, यातला कितेब नंतरचा ॅ जोडणाराच आहे. म्हणजे दोन घटक एका मोठ्या शब्दात बांधायला ॅ वापरणं ही त्या भाषेची सवयच आहे. पेपरमध्ये दोन्ही मतं मांडा, एक निवडा, आणि का निवडलं ते लिहा.

एका जोडीकडे जरा जवळून बघा, कारण तिथं हे सगळं एकत्र येतं. पॅलॅ, साध्या ल चा, म्हणजे घाई. पॅळॅ, जाड ल चा, म्हणजे डाग. घाईवरून होतं पॅलॅपॅल, म्हणजे धावपळ, लगबग, हे नाम आहे आणि आवाजाच्या शब्दांच्या साच्यातच बसतं, दुसऱ्या भागाला शेवटचा स्वर नाही. डागावरून होतं पॅळॅपॅळॅ, म्हणजे ठिकठिकाणी डाग पडलेला, ठिपकेदार, हे विशेषण आहे आणि इथं दुसरा भाग पूर्ण आहे. साचे दोन वेगळे: क्रिया चालू असल्याचं नाम करायचं तर शेवट तोडायचा, "यावर हे सगळीकडे आहे" असं विशेषण करायचं तर पूर्ण शब्द दोनदा. ऐकताना ल चा फरक निसटला आणि शेवटच्या स्वराकडेही लक्ष गेलं नाही तर डेटाशीटमध्ये हे दोन शब्द एकच होऊन बसतात. मराठी माणसाला ल-ळ चा कान असतो, तो इथं उपयोगी पडतो, फक्त आपला ळ शोधत बसू नका.

हा दुसरा साचा, म्हणजे पूर्ण द्विरुक्ती, नामावरून विशेषण आणि क्रियाविशेषण करतो. कुन म्हणजे भोक, कुनकुन म्हणजे भोकंच भोकं पडलेलं. खॅत म्हणजे रेघ, खॅतखॅत म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं. लॅत म्हणजे तुकडा, लॅतलॅत किर्दिन म्हणजे तुकडे तुकडे करणं. नुसत्या "खॅत"ला विशेषण म्हणून वापरता येत नाही, खॅतखॅतला येतं, म्हणजे शब्दाची जात बदलली. ही जात बदलण्याची गोष्ट गाइडसमोर ठळक ठेवा, नुसत्या जोर देण्यानं जात बदलत नाही. दॅस्तॅ म्हणजे टोळी, गट, आणि दॅस्तॅ दॅस्तॅ म्हणजे गटागटानं. यॅक यॅक म्हणजे एकेक करून, "यॅक यॅक वॅरिन" म्हणजे एकेक जण या. विर्द म्हणजे बारीक, विर्दॅ विर्दॅ म्हणजे हळूहळू, थोडंथोडं करत, "विर्दॅ विर्दॅ फेर बूम", थोडंथोडं करत शिकलो. शिकणारा हे वाक्य पहिल्या महिन्यात ऐकतोच.

आणि मग जार. जार म्हणजे खेप, वेळ, "एकदा-दोनदा" मधला दा. जारजार म्हणजे मात्र अनेकदा नव्हे, अधूनमधून. "जारजार दॅचिम बो बाझार", मी कधीकधी बाजारात जातो. द्विरुक्तीनं वाढ होते असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्याला हा शब्द सरळ छेद देतो, इथं प्रमाण कमी झालंय. आपलं कधी आणि कधीकधी आठवा. याउलट झू म्हणजे लवकर, पण झू झू म्हणजे वरचेवर, इथं वेग जाऊन वारंवारता आली. म्हणजे जारवरून जारजारचा अर्थ कोणी नुसत्या नियमानं काढू शकत नाही, तो शब्दकोशातच द्यावा लागतो, आणि ज्याचा अर्थ वेगळा द्यावा लागतो तो वेगळा शब्द. शिवाय "ना, ना, ना" तीनदा चालतं, चारदाही, माणूस किती चिडलाय त्यावर आहे. जारजारजार कोणी म्हणत नाही. दोन म्हणजे दोनच. तुमच्या पेपरमध्ये ही तिसऱ्यांदा म्हणून बघायची चाचणी जरूर घाला, साधी आहे आणि बोलणारा लगेच हसून किंवा मान हलवून उत्तर देतो.

दुव्यानं जोडलेल्या जोड्यांचं खातं मोठं आहे पण समजायला सोपं, त्यावर फार पानं खर्चू नका. "बॅ" नं जोडलेल्या: रोझ बॅ रोझ म्हणजे दिवसेंदिवस, माळ बॅ माळ म्हणजे घरोघर (माळ म्हणजे घर), हॅंगाव बॅ हॅंगाव म्हणजे पावलापावलानं, शान बॅ शान म्हणजे खांद्याला खांदा लावून. "आव" नं जोडलेल्या: रॅंगावरॅंग म्हणजे रंगीबेरंगी, जोरावजोर म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे, दॅस्तावदॅस्त म्हणजे हातोहात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या, आणि दॅमावदॅम म्हणजे तोंडोतोंडी, लोककथा आणि गाणी अशीच दॅमावदॅम आली असं ते म्हणतात. "आन" नं जोडलेल्या: सॅरानसॅर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेवानलेव म्हणजे ओठाला ओठ, काठोकाठ भरलेलं. यातले काही साचे फारसीतही आहेत आणि फारसीमार्गे आपल्याकडेही पोचलेत, आपलं सरासर आणि हुबेहूब त्याच घरचे, हुबेहूबमधला "बे" हा तो "बॅ"च. पण म्हणून कुर्दीतले हे शब्द फारसीतून उसने आले असं धरून चालू नका. कुर्दी आणि फारसी दोन्ही इराणी शाखेच्या, साचा वारशानं मिळालेला असू शकतो, आणि "आव" नं जोडायची पद्धत तर सोरानीनं स्वतःची म्हणून चांगली रुजवलीय.

आता खरी कस लागणारी जागा, ऊ नं जोडलेले जोडशब्द. ऊ म्हणजे "आणि". कॅलुपॅल म्हणजे सामानसुमान. शितुमॅक म्हणजे वस्तू, माल. रेकुपेक म्हणजे नीटनेटकं. रूतुकूत म्हणजे उघडानागडा. चोळुहोळ म्हणजे ओसाड, भकास. कुन ऊ कुझबिन म्हणजे कानाकोपरा. हातुचो म्हणजे ये-जा, आणि आज रस्त्यावरच्या ट्रॅफिकलाही हाच शब्द, बातम्यांत रोज येतो. गिफ्तुगो म्हणजे संवाद, चर्चा, आपल्या ओळखीची गुफ्तगू. यातले काही यमकाचे, एका अक्षराच्या फरकाचे, काही अर्थानं जवळच्या दोन शब्दांचे. रूत म्हणजे उघडा, पण कूतला त्या जोडीबाहेर तो अर्थ नाही. चोळ म्हणजे ओसाड, होळ एकटा तसा येत नाही. आपल्या अंशाभ्यस्त शब्दांसारखंच, सामानसुमानमधलं सुमान कुठे एकटं भेटतं.

कोणी म्हणेल हे नुसतं "अमुक आणि तमुक" आहे, मध्ये "आणि" दिसतंय की. तर प्रत्यय लावून बघा. सोरानीत "ते" असा निश्चित अर्थ दाखवायला नामाला शेवटी ॅकॅ लागतं आणि अनेकवचनात ॅकान. खरंखुरं "आणि" असेल तर दोन्ही नामांना तो स्वतंत्र लावता येतो: सेवॅकान ऊ हॅनारॅकान, ती सफरचंदं आणि ती डाळिंबं. कॅलुपॅलचं काय होतं? कॅलुपॅलॅकान, ते सगळं सामान. प्रत्यय एकदाच आणि शेवटी. "कॅलॅकान ऊ पॅलॅकान" म्हणून बघा, समोरचा गोंधळतो, त्याला वाटतं तुम्ही दुसऱ्याच कुठल्या दोन गोष्टींबद्दल बोलताय. रेकुपेकला तुलनेचा तिर लावा, रेकुपेकतिर, अधिक नीटनेटकं. भाववाचक नाम करा, रेकुपेकी, नीटनेटकेपणा. दर वेळी प्रत्यय पूर्ण जोडीच्या शेवटी एकदाच बसतो, मधला ऊ आतल्या आत गिळला जातो आणि आघातही शेवटाकडे एकच राहतो. आतला ऊ दिसतो तरी भाषेच्या दृष्टीनं तो आता "आणि" राहिलेला नाही.

हीच चाचणी आवाजाच्या शब्दांना लावा, तिथंही तेच. तॅकॅतॅकॅकॅ म्हणजे तो मघाचा धडाधड आवाज. षष्ठीचा दुवा ई शेवटी लागतो: गिर्मॅगिर्मी हॅव्र, ढगांची गडगड, खिशॅखिशी गॅळा, पानांची सळसळ, बोळॅबोळी बावकिम, माझ्या वडलांची कुरकुर. आणि इथं कुर्मांजी आपल्याला एक जास्तीचा पुरावा देते, म्हणून सुरुवातीला लिंगाचं म्हटलं होतं. कुर्मांजीत शिरॅशिर म्हणजे पाण्याचा झुळझुळाट, बारॅबार म्हणजे मेंढरांचं ओरडणं, झूरॅझूर म्हणजे लांडग्यांचं विव्हळणं, पिस्तॅपिस्त म्हणजे कुजबुज. या पूर्ण जोडीला एकच लिंग मिळतं, स्त्रीलिंग, आणि ते षष्ठीच्या दुव्यातून उघड दिसतं: शिरॅशिरा आवे, पाण्याचा झुळझुळाट, इथला आ स्त्रीलिंगाचा. आवाजाला स्वतःचं लिंग कुठून असणार, ते मिळालं नाम झाल्यावरच. लिंग असलेली बोली आणि लिंग नसलेली बोली दोन्ही आपापल्या प्रत्ययांनी एकच गोष्ट सांगतात. तुमचा पेपर सोरानीवर असला तरी हा एक परिच्छेद तुलनेसाठी घालाच, परीक्षकाला दुसरा पुरावा मागायची गरज उरणार नाही.

चहाबिहाचं खातं वेगळं ठेवा. सोरानीत ते म नं होतं: नान ऊ मान म्हणजे भाकरीबिकरी, खायचंप्यायचं काहीतरी, पारॅ ऊ मारॅ म्हणजे पैसेबिसे. कुर्मांजीत मधला दुवा नसतानाही चालतं, चाय माय. हा म पश्चिम आशियात सगळीकडे पसरलेला आहे, तुर्कीत आहे, फारसीत आहे, आर्मेनियनमध्येही, त्यामुळे तो कोणी कोणाकडून घेतला हे एका भाषेच्या डेटावरून ठरत नाही, पेपरमध्ये एवढंच म्हणा की हे शेजाराचं वैशिष्ट्य आहे. आपल्या उपखंडात असंच आहे, फक्त अक्षर बदलतं, मराठीत ब, हिंदीत व, बंगालीत ट, कन्नड-तेलुगूत गि. हे शब्दनिर्मितीत धरायचे का? माझं मत, धरायचे पण टोकाला, कारण ते जवळपास कुठल्याही नामावर क्षणात करता येतात, त्यांचा अर्थ नेहमी एकच "वगैरे" असतो, आणि त्यातला एखादाच शब्दकोशात जातो. कॅलुपॅल शब्दकोशात आहे, नान ऊ मान असण्याची गरज नाही. गाइडची शंका कुठे थोडीफार लागू पडत असेल तर इथं, तेवढं प्रामाणिकपणे मान्य करून टाका, बाकीचा मुद्दा उलट पक्का होतो.

वारशाबद्दल एक. माळ बॅ माळ, रोझ बॅ रोझ बघून संस्कृत शिकलेल्यांना लगेच वेदातलं दिवेदिवे आणि गृहेगृहे आठवतं, आणि पाणिनीनं आठव्या अध्यायात सर्वस्य द्वे म्हणत याचं प्रकरणच उघडलंय, नित्यवीप्सयोः या सूत्रात सातत्य आणि वीप्सा, म्हणजे प्रत्येकाला वेगळं वेगळं लागू होणं, हे दोन अर्थ दिलेत. तिकडे अवेस्तातही (पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथात) घराघरात, वस्तीवस्तीत अशा जोड्या आहेत. वीप्सा हा शब्द तुमच्या पेपरमध्ये वापरा, तो यॅक यॅक आणि दॅस्तॅ दॅस्तॅला अचूक बसतो आणि मराठी वाचकाला तो पचायलाही सोपा. पण यावरून "कुर्दी द्विरुक्ती थेट भारत-इराणी काळातून आली" असं वाक्य लिहू नका. वाटून देण्याच्या अर्थानं शब्द दोनदा म्हणणं जगात कितीतरी असंबंधित भाषांत आहे, इंडोनेशियापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत. शब्द जुळतात तेव्हा वारसा बोला, पद्धत जुळते तेव्हा जपून.

आता डेटा गोळा करण्याबद्दल, कारण पेपर तिथंच बिघडतात. बोलणाऱ्याला यादी देऊन "याची द्विरुक्ती सांगा" म्हणू नका, विचारलं की लोक उत्साहानं बनवून देतात आणि मग कुठले खरे आणि कुठले तुमच्यासाठी बनवले ते कळत नाही. त्यापेक्षा पाऊस, भांडण, लग्नाची गडबड, मेंढरं, बाजार, अशा विषयांवर मोकळं बोलायला लावा. पावसाच्या आठवणी सांगताना एक बाई गिर्मॅगिर्म, खुर्रॅखुर्र, पॅलॅपॅल एका दमात वापरून जाते, तुम्हाला काही विचारावंच लागत नाही. मग दुसऱ्या बैठकीत तेच शब्द घेऊन एकेरी रूप आहे का, तिसऱ्यांदा म्हणता येतं का, प्रत्यय कुठे लागतो, हे तपासा. आणि वयस्क माणसं नक्की घ्या, शहरी तरुण मुलांच्या बोलण्यात आवाजाचे शब्द कमी ऐकू येतात असं माझं निरीक्षण आहे, त्यांना ते माहीत असतात पण ते स्वतः कमी वापरतात. डी. एन. मॅकेन्झी यांचं 1961 आणि 1962 मध्ये दोन खंडांत आलेलं कुर्दी बोलींवरचं काम वाचा, ते प्रत्ययांसाठी अजूनही पाया आहे, आणि भारतीय भाषांतल्या द्विरुक्तीवर अन्विता अब्बी यांनी केलेलं काम वर्गीकरण कसं करायचं ते शिकायला घ्या, फक्त त्यांचे रकाने कुर्दीवर जसेच्या तसे चढवू नका कारण तिथं एकेरी-दुहेरीचा तो फरक मधोमध येतो.

लिखित मजकुरात शोधणार असाल तर जागा सोडण्याची पद्धत ठरलेली नाही हे लक्षात ठेवा. तॅकॅतॅक एकाच वर्तमानपत्रात कधी जोडून कधी तोडून छापलेलं असतं, कॅलुपॅलमधला ऊ कधी चिकटून कधी सुटा, म्हणून शोधताना दोन्ही रूपं टाका. जुन्या फाइल्समध्ये तो ॅ चा स्वर वेगळ्या अक्षरानं, ह च्या अक्षरापुढे न दिसणारी खूण घालून टाइप केलेला असतो, आणि क, य ची अरबी आणि कुर्दी अक्षरं संगणकाला वेगवेगळी असतात, डोळ्यांना सारखी दिसली तरी. आधी सगळा मजकूर एका पद्धतीत आणून घ्या मगच मोजा, नाहीतर जो शब्द पन्नास वेळा आलाय तो तुमच्या तक्त्यात तीन ओळींत विखुरलेला दिसेल. आणि तक्त्यात प्रत्येक शब्दापुढे मूळ शब्दाची जात, जोडीची जात, एकेरी रूप वापरात आहे का, मधला दुवा कुठला आणि प्रत्यय लागलेलं एक तरी प्रत्यक्ष ऐकलेलं वाक्य, एवढं ठेवा, गाइडला दाखवायचं तर हाच तक्ता आधी दाखवा.